वाचक विचारतात : पाचशे संघटना एका छत्राखाली आल्या कशा?

दक्षिण आफ्रिकेत 20 ऑगस्ट 1983 रोजी युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट म्हणजे यूडीएफ ही वर्णभेदविरोधी आघाडी स्थापन झाली आणि पुढची आठ वर्षं टिकली. तिच्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. बहुतेकांना इतिहासापेक्षा ही मोट बांधली कशी, यातच जास्त रस दिसतो.

वर्णभेदाचं धोरण तर 1948पासून राबवलं जात होतं. मग एवढी मोठी आघाडी 1983मध्येच का उभी राहिली?

सरकारने एकाच वर्षात सगळ्यांना एकदम डिवचलं म्हणून. पी. डब्ल्यू. बोथा यांच्या सरकारने नवी राज्यघटना आणली. तिच्यात संसदेची तीन सभागृहं होती : गोऱ्यांचं 178 जागांचं, कलर्ड म्हणजे मुख्यतः मिश्र वंशाच्या समाजाचं 85 जागांचं आणि भारतीयांचं 45 जागांचं. देशात बहुसंख्य असलेल्या कृष्णवर्णीय आफ्रिकींना एकही जागा नव्हती.

वरवर पाहिलं तर कलर्ड आणि भारतीय लोकांच्या पदरात काहीतरी पडत होतं. पण आकडेमोड केली की खरी गोम कळते. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात 88 जण : 50 गोरे, 25 कलर्ड, 13 भारतीय. म्हणजे कलर्ड आणि भारतीय प्रतिनिधी एकदिलाने उभे राहिले तरी त्यांची मतं 38च. सभागृहांचं एकमेकांशी पटलं नाही तर वाद राष्ट्राध्यक्षांच्या परिषदेकडे जाणार. तिच्या 60 सदस्यांपैकी 20 गोऱ्या सभागृहाचे, 10 कलर्ड, 5 भारतीय आणि उरलेले 25 खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुकीतून. शिवाय एखादा विषय त्या त्या समाजाचा 'स्वतःचा' की सगळ्यांचा 'सामाईक', हेही राष्ट्राध्यक्षच ठरवणार. कुठूनही गेलं तरी वाट त्याच दाराशी येत होती.

आफ्रिकींसाठी वेगळा घाट घातला होता. 1982च्या कायद्याने त्यांच्या टाउनशिपना, म्हणजे शहरांच्या कडेला त्यांच्यासाठी आखलेल्या वस्त्यांना, स्वतःच्या नगरपरिषदा मिळाल्या. परिषदेला अधिकार होते, पण उत्पन्न नव्हतं. दुकानं, कारखाने, कचेऱ्या सगळं गोऱ्यांच्या शहरात, त्यामुळे कर गोळा करायचा तरी कुणाकडून? हाताशी उरलं घरभाडं आणि पाणी-विजेचे आकार. भाडं वाढवलं की लोक नगरसेवकाच्या दारात येणार हे उघड होतं आणि वर्षभरातच तसं झालं. जोडीला शहरात येण्यावरचे निर्बंध आणखी आवळणारं विधेयक. ही सगळी विधेयकं मंत्री पीट कूर्नहॉफ यांच्या नावानेच ओळखली जात.

कलर्ड, भारतीय आणि आफ्रिकी यांच्या तक्रारी एरवी वेगवेगळ्या होत्या. या वर्षी तिघांच्याही तक्रारींचं मूळ एकाच गाठोड्यात होतं. आघाडीला लागणारा सामाईक मुद्दा सरकारनेच पुरवला म्हणायचा.

एका भाषणातून ही आघाडी निघाली असं वाचलं. खरंच तसं झालं का?

भाषण झालं हे खरं, पण जमीन आधीच नांगरलेली होती. भारतीयांसाठी सरकारने नेमलेल्या साउथ आफ्रिकन इंडियन कौन्सिल या मंडळाची निवडणूक 1981मध्ये झाली, तेव्हा बहिष्कारामुळे मतदान जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास राहिलं. तो बहिष्कार चालवणाऱ्या ट्रान्सवाल प्रांतातल्या समितीची परिषद जानेवारी 1983मध्ये जोहान्सबर्गला भरली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कलर्ड समाजाच्या लेबर पार्टीने एशोवे इथल्या अधिवेशनात नव्या संसदेत जायचं ठरवलं होतं, त्यामुळे वातावरण तापलेलं होतं. परिषदेत ॲलन बोसाक या कलर्ड धर्मगुरूंनी चर्च, नागरी संघटना, कामगार युनियन, विद्यार्थी आणि क्रीडा संघटना या सगळ्यांनी या एका प्रश्नावर एकत्र यावं, अशी हाक दिली.

खरं महत्त्वाचं काम त्यानंतरचं आहे. एरवी भाषण संपलं की टाळ्या होतात आणि माणसं बस पकडतात. इथे त्याच परिषदेत हाकेवर चर्चा होऊन पुढच्या कामासाठी समिती नेमली गेली. तिने लगेच राष्ट्रीय संघटना जाहीर केली नाही, आधी प्रांत बांधले. नाताळ (डर्बनचा प्रांत) आणि ट्रान्सवालच्या आघाड्या मे महिन्यात उभ्या राहिल्या, पश्चिम केपची जुलैमध्ये. प्रत्येक ठिकाणची भांडणं निराळी होती आणि ती तिथल्या तिथे मिटवणं किंवा निदान झाकणं सोपं होतं. केपमध्ये कूर्नहॉफ विधेयकांविरुद्धच्या आधीच्या समितीत नागरी संघटनांचं बिनसलं होतं. तोच वाद राष्ट्रीय बैठकीत निघाला असता तर तिथेच बोऱ्या वाजला असता.

प्रांत उभे राहिल्यावर तारीख ठरली. केप टाउनजवळ मिचेल्स प्लेन या कलर्ड वस्तीत, रॉकलँड्सच्या सभागृहात प्रतिनिधींची बैठक आणि नंतर जाहीर सभा. राज्यघटनेचं विधेयक तेव्हा संसदेसमोरच होतं. सभेला दहा हजारांहून अधिक लोक आले. बोसाक यांनी भाषण तीन साध्या शब्दांवर तोललं : सगळे, इथे, आत्ता. आम्हाला आमचे सगळे हक्क हवेत, इथेच हवेत आणि आत्ताच हवेत. सरकार देऊ करत होतं ते नेमकं याच्या उलट होतं : थोडे हक्क, काहींना आणि पुढे कधीतरी.

यूडीएफला तीन अध्यक्ष का होते?

प्रांतांचं एका नावावर एकमत होईना म्हणून. ट्रान्सवालच्या अल्बर्टिना सिसुलू, पश्चिम केपचे ऑस्कर म्पेथा आणि नाताळचे आर्ची गुमेडे अशा तिघांनाही अध्यक्ष केलं. सिसुलू तेव्हा तुरुंगात होत्या. रोजचं काम सचिव पोपो मोलेफे आणि प्रसिद्धी सचिव मोसिउआ लेकोटा यांच्याकडे होतं. ही तडजोड पुढे अनपेक्षितपणे कामी आली. एकाला आत टाकलं तरी दुसरा बाहेर असे.

सभासद कसं होता येत असे? वर्गणी, मतदान, निर्णय यांचे नियम काय होते?

व्यक्तीला सभासद होता येत नसे, फक्त संघटनेला. सामील झालेल्या संघटनेचं नाव, घटना, पदाधिकारी आणि कार्यक्रम तिचेच राहत. तिने मान्य करायचं ते फक्त जाहीरनाम्यातलं सूत्र : अखंड, लोकशाही आणि वंशनिरपेक्ष दक्षिण आफ्रिका हवी, आणि नव्या घटनेला व कूर्नहॉफ विधेयकांना विरोध. बाकी देव, अर्थव्यवस्था, सशस्त्र लढा यांबद्दल कुणाचं मत काय, हे कुणी विचारत नसे. आमच्या मते या आघाडीचं सगळं यश या कंजूषपणात आहे. मागणं कमीत कमी ठेवलं म्हणून मशीद समिती आणि मार्क्सवादी अभ्यासगट एकाच सभागृहात बसू शकले.

रचना अशी : संलग्न संघटनांचे प्रतिनिधी प्रांतिक परिषदेत, तिथून प्रांतिक कार्यकारिणी, वर राष्ट्रीय कार्यकारिणी आणि अधूनमधून भरणारी राष्ट्रीय सर्वसाधारण परिषद. निर्णय शक्यतो मतदान न घेता, सहमतीने. कारण मतदान घेतलं की हरलेला गट बाहेर पडायला मोकळा.

आकड्यांबाबत जरा सावध राहावं. स्थापनेच्या वेळच्या संघटनांची संख्या कुठे 565, कुठे 575 अशी सापडते. त्यात हजारो सभासदांची युनियनही एक आणि चर्चच्या मागच्या खोलीत भरणारं वीस पोरांचं मंडळही एकच. शिवाय एकच बाई महिला संघटनेत, वस्तीच्या नागरी समितीत आणि युनियनमध्ये असेल तर ती तीनदा मोजली जाते. सगळ्या संघटनांच्या सभासदांची बेरीज करून 'इतक्या लाखांची आघाडी' म्हणणं त्यामुळे फसवं आहे.

पैशाचा मोठा वाटा परदेशी चर्च आणि मदतसंस्थांकडून येई. सरकारने हे बरोबर हेरलं आणि ऑक्टोबर 1986मध्ये यूडीएफला 'बाधित संघटना' ठरवून परदेशी पैसा कायद्याने तोडला. संलग्न संघटनांची वर्गणी हा आधार कधीच पुरेसा भक्कम नव्हता, त्यामुळे हा घाव वर्मी बसला.

तुम्ही 'कलर्ड' शब्द सर्रास वापरता. तो अपमानास्पद नाही का?

अमेरिकेत तो जुना आणि दुखावणारा मानला जातो. दक्षिण आफ्रिकेत ते 1950च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यातल्या एका वर्गाचं नाव होतं. त्यात मिश्र वंशाचे, केप मलाय, जुन्या खोईखोई लोकांचे वंशज असे बरेच जण येत. आजही अनेक जण ते स्वतःसाठी वापरतात, अनेकांना ते नको असतं. त्या काळातले बरेच कार्यकर्ते मात्र तिन्ही समाजांना मिळून 'ब्लॅक' म्हणत. कायद्याची विभागणी समजावताना त्या कायद्याचा शब्द टाळता येत नाही, म्हणून आम्ही तो ठेवला आहे.

वंशभेदाविरुद्धच्या आघाडीत 'इंडियन काँग्रेस' नावाची संघटना कशी चालते? हा विरोधाभास कुणाला खटकला नाही का?

खटकला, आणि चांगलाच. नाताळ इंडियन काँग्रेस ही 1894मध्ये गांधीजींनी स्थापन केलेली संघटना. ती मधल्या काळात थंडावली होती, 1971मध्ये पुन्हा उभी राहिली. ट्रान्सवालची तशीच संघटना 1983मध्ये जागी झाली. कृष्ण-जाणीव (ब्लॅक कॉन्शसनेस), म्हणजे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बळावर लढावं या विचाराच्या परंपरेतल्या अझापो या संघटनेने आणि इतरांनी जून 1983मध्ये हॅमन्सक्राल इथे नॅशनल फोरम ही वेगळी आघाडी उभी केली. त्यांचा आक्षेप थेट होता : सरकारने माणसांना ज्या खोक्यांत भरलं, त्याच खोक्यांवर तुम्ही आपल्या संघटनांच्या पाट्या लावता. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटना यूडीएफमध्ये घेण्यावरही त्यांचा असाच रोष होता.

यूडीएफची बाजू व्यवहाराची होती. 1950च्या ग्रुप एरियाज कायद्याने माणसं मुळात वेगवेगळ्या वस्त्यांत टाकली गेली होती. डर्बनजवळच्या चॅट्सवर्थमध्ये किंवा जोहान्सबर्गजवळच्या लेनेशियात दारोदार जायचं तर तिथे भारतीयच राहतात, आणि त्या लोकांना ओळखीची वाटणारी संघटना लागते. उद्या त्यांच्याचसाठी वेगळी निवडणूक होणार असेल, तर बहिष्काराचा निरोपही त्यांच्याच ओळखीच्या माणसाने न्यायला हवा.

तत्त्व म्हणून फोरमचा मुद्दा बिनतोड होता असं आम्हाला वाटतं. पण मतदानाच्या दिवशी कामाला आली ती दुसरी पद्धत. ऑगस्ट 1984च्या निवडणुकीत नोंदणीकृत मतदारांपैकी कलर्ड समाजात सुमारे 30 टक्के आणि भारतीयांत सुमारे 20 टक्केच मतदान झालं. कित्येकांनी तर नोंदणीच केली नव्हती, त्यामुळे एकूण पात्र लोकांत हे प्रमाण आणखी खाली येतं.

अशीच रचना 1955च्या काँग्रेस आघाडीतही होती. आफ्रिकी, भारतीय, कलर्ड आणि गोरे यांच्या चार वेगळ्या काँग्रेस आणि सोबत कामगार संघटना. त्यांच्या चिन्हातल्या चाकाला चार आरे होते ते म्हणूनच. तेव्हाही हाच वाद पेटला आणि 1959मध्ये आफ्रिकावादी गट फुटून पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस निघाली.

मोठ्या कामगार संघटना सुरुवातीला बाहेर का राहिल्या?

काही युनियन आत होत्या, पण 1979मध्ये स्थापन झालेला फोसाटू हा मोठा महासंघ बाहेर राहिला. कारण मुख्यतः कामाच्या पद्धतीचं. या युनियनमध्ये कारखान्यातल्या कामगारांनी निवडलेला शॉप स्टुअर्ड वरच्या बैठकीत जातो तो निर्णय बरोबर घेऊन. नवा प्रस्ताव आला की त्याला परत खाली येऊन विचारावं लागतं. यूडीएफच्या बैठकीत मात्र आज ठराव, उद्या पत्रक असा वेग. हजारो कामगारांना विचारून येणाऱ्या माणसाच्या शेजारी कुणालाच विचारायची गरज नसलेलं छोटं मंडळ तेवढ्याच अधिकाराने बसणार, हे त्यांना पटेना. दुसरी भीती अशी की व्यापारी, धर्मगुरू आणि वकील यांच्या गर्दीत कामगारांचा आवाज दबेल. तिसरी अडचण सभासदांची : नाताळमधले अनेक कामगार इन्काथा या यूडीएफविरोधी झुलू संघटनेचे समर्थक होते आणि युनियनने राजकीय बाजू घेतली की कारखान्यातच फूट पडली असती. म्हणून त्यांनी सभासदांना व्यक्तिशः भाग घ्यायला मोकळीक दिली. डिसेंबर 1985मध्ये डर्बनला कोसाटू हा 33 युनियनचा नवा महासंघ झाला आणि त्यानंतर दोन्हीकडच्या लोकांनी बरोबर काम केलं.

यूडीएफ म्हणजे बंदी घातलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा मुखवटाच होता, असं नाही का?

सरकारी वकिलांचं म्हणणं हेच होतं. पुढारी बहुतेक त्याच परंपरेतले होते हे खरं, आणि नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांचं नाव आश्रयदात्यांच्या यादीत होतं. पण वर सांगितलेल्या काँग्रेस आघाडीची 1955ची स्वातंत्र्य सनद, म्हणजे त्या परंपरेचा मूळ जाहीरनामा, यूडीएफने सुरुवातीला जाणूनबुजून स्वीकारली नाही. इतर विचारांच्या संघटनांना दार उघडं राहावं आणि बंदीला निमित्त मिळू नये, हा हेतू. ती सनद औपचारिकपणे स्वीकारली 1987मध्ये. तोवर सनद न मानणारे कुणी येतील ही आशा जवळपास संपली होती.

निवडणूक झाल्यावर आघाडीचं काम संपायला हवं होतं. मग ती टिकली कशी?

हा खरोखर पेच होता. विरोधाचा मुद्दा गेला की अशी आघाडी विरघळते. नव्या संसदेचा कारभार सुरू होत होता त्याच दिवशी, 3 सप्टेंबर 1984ला, जोहान्सबर्गच्या दक्षिणेकडच्या व्हाल भागातल्या सेबोकेंग, शार्पव्हिल वगैरे टाउनशिप पेटल्या. ठिणगी होती महिन्याला 5.90 रँडची भाडेवाढ. वर म्हटलेली बिनउत्पन्नाची नगरपरिषद ती हीच. पुढची लाट वस्त्यांतून वर आली आणि यूडीएफ तिच्या मागे धावत होती.

चांगलं काम कसं झालं हे पूर्व केपमधल्या क्रॅडॉक गावात दिसतं. शिक्षक मॅथ्यू गोनिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंगेलिहले वस्तीचे भाग पाडले आणि गल्लीगल्लीत समित्या उभ्या केल्या. पुढारी अटकेत गेला तरी गल्लीचं काम थांबू नये, हा हिशेब. जानेवारी 1985मध्ये तिथल्या नगरसेवकांनी राजीनामे दिले. 27 जून 1985ला गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्कोन्टो आणि सिसेलो म्हलाउली यांना पोलिसांनी वाटेत अडवून मारलं. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीच, 20 जुलैला, 36 जिल्ह्यांत आणीबाणी लागली.

बिघडलं तेही लपवण्यात अर्थ नाही. गोऱ्यांच्या दुकानांवरचा बहिष्कार हे प्रभावी हत्यार होतं, विशेषतः पोर्ट एलिझाबेथमध्ये. पण जिथे गल्लीसमित्या कच्च्या होत्या तिथे समजावण्याऐवजी धाक आला. शहरातून परतणाऱ्या बायकांच्या पिशव्या रस्त्यात तपासायच्या आणि विकत आणलेलं तेल किंवा साबणाची पूड त्यांनाच गिळायला लावायची, असे प्रकार घडले. सैल आघाडीत कुणाच्याही पोरांना आघाडीचं नाव घेता येतं, आणि त्यांना आवरण्याचा अधिकार मात्र कुणाकडेच नसतो. संघटनांना दिलेल्या मोकळीकीची ही दुसरी बाजू.

बंदी आल्यावर काय केलं?

जून 1986मध्ये आणीबाणी देशभर लागली. 24 फेब्रुवारी 1988ला यूडीएफसह 17 संघटनांना सगळी हालचाल करायला मनाई झाली. मग तीच माणसं 'मास डेमोक्रॅटिक मूव्हमेंट' या नावाने पुढे आली. तिला घटना नव्हती, सभासदयादी नव्हती, कचेरी नव्हती. आता बंदी घालायची तरी कशावर? स्वतः यूडीएफ 20 ऑगस्ट 1991ला, स्थापनेला आठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, विसर्जित झाली.

'दहा लाख सह्या' ही मोहीम फसली असं म्हणतात. तिचा काहीच उपयोग झाला नाही का?

आकड्यात फसलीच. नव्या घटनेविरुद्ध जानेवारी 1984मध्ये सुरू झालेल्या यूडीएफच्या या मोहिमेत दहा लाखांऐवजी चारेक लाख सह्या जमल्या. पोलीस सह्या गोळा करणाऱ्यांना धरत, भरलेले कागद जप्त करत. शिवाय टाउनशिपमधल्या आफ्रिकींना मुळात मतच नव्हतं, त्यामुळे निवडणुकीविरुद्धची सही त्यांना दूरची वाटली. घरोघर जाऊन बोलण्याचा सराव कार्यकर्त्यांना झाला, एवढं पदरात पडलं.

पण एका सहीची कथा वेगळी आहे. व्हालच्या उठावाबद्दल लेकोटा, मोलेफे यांच्यासह 22 जणांवर राजद्रोहाचा खटला झाला. डेल्मस या गावी सुरू झाला म्हणून त्याला डेल्मस खटला म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत अशा खटल्यात न्यायाधीशांबरोबर दोन असेसर बसत आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर त्यांचंही मत मोजलं जाई. त्यांतले एक, कायद्याचे प्राध्यापक, यांनी आपण या मोहिमेच्या कागदावर सही केली होती असं सांगितलं. न्यायाधीशांनी 1987मध्ये त्यांना खटल्यातून दूर केलं आणि सुनावणी पुढे चालू ठेवली. 1988च्या अखेरीस लेकोटांना 12 आणि मोलेफेंना 10 वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर 1989मध्ये अपील न्यायालयाने असेसरला असं काढणं बेकायदा ठरवलं आणि दोषी ठरवलेल्या सगळ्यांच्या शिक्षा रद्द केल्या.